व्हेनिस: शहरात शिरायला तिकीट का?

भटकी_मैना:
२०२५च्या मे महिन्यात एका शनिवारी पादुआहून सकाळच्या गाडीने व्हेनिसला गेलो. सांता लुचिया स्टेशनावरच तपासनीस उभे. गर्दीच्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार, नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना शुल्क. वेळेत नोंदणी केली तर पाच युरो, आयत्या वेळी केली तर दहा. आम्ही अर्थातच आयत्या वेळचे. दोघांचे वीस गेले. यांनी लगेच रुपयांत गुणाकार सुरू केला, मी पुरा होऊ दिला नाही.

स्टेशनाच्या पायऱ्यांसमोरच ग्रँड कॅनाल. आपल्याकडे रिक्षा लागतात तशा बोटी लागलेल्या. त्या बोटबसचं, व्हापोरेत्तोचं, ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, म्हणून बरंच पायी हिंडलो. कचरा बोटीतून, विटा-सिमेंट बोटीतून, रुग्णवाहिकासुद्धा बोटच. सान मार्को या मुख्य चौकापाशी जत्रा होती. कानारेज्जोच्या गल्ल्यांत मात्र दोरीवर कपडे वाळत होते आणि एक आजी भाजीची ढकलगाडी पुलाच्या पायऱ्यांवरून एकेक करत ओढत होत्या. तिथे जीव रमला. पण माणसं राहतात त्या गावाला संग्रहालयासारखं तिकीट? नाही पटलं.

दस्तुरी_नाका:
माथेरानला आपण नाक्यावर कर भरून आत जातोच की! तिथेही मोटारी नाहीत, सामान घोड्यावर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल, कालव्यातला गाळ काढायचा, खारं पाणी खाल्लेल्या भिंती दुरुस्त करायच्या. हे पन्नास हजारांहून कमी रहिवाशांनी एकट्याने सोसायचं?

उंटावरचा_शहाणा:
नाकाशेठ, आकडा अर्धाच सांगितलात. १९५१मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक होते. २०२२मध्ये ते पन्नास हजारांच्या खाली आले. हे लोक काय पायरीवर बसून पाव खाणाऱ्यांमुळे गेले? घरमालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पाहुणा जास्त पैसे देतो, म्हणून गेले. आणि मुक्कामाला येणाऱ्याला हे शुल्क माफ! ज्या खोलीपायी एक कुटुंब खाडीपलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला गेलं, त्या खोलीत झोपणारा सुटला आणि मैनाताईंचे दहा गेले.

दस्तुरी_नाका:
सुटला कसा? तो मुक्कामाचा वेगळा कर भरतोच. डबा घेऊन येणारा काय देतो? गर्दी आणि कचरा.

भटकी_मैना:
डबा आमचाही होता हो. मेथीचे पराठे. सान मार्को चौकात खाली बसून खायला बंदी आहे, दंड होतो. शेवटी आडबाजूला उभ्याउभ्या गिळले.

नळस्टॉपची_नात:
मी आधी सहलवाल्यांबरोबर गेले होते. झेंडा, कर्णा, दोन तासांत 'व्हेनिस झालं', चला बसकडे. २०२४पासून पंचवीसहून मोठ्या गटांना आणि कर्ण्यांना बंदी आली, २०२१मध्ये अजस्र जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून हटवलं. असे नियम हवेत. शुल्काने कोणी मागे फिरलं का? एवढं विमानभाडं भरून आलेला माणूस दहा युरोंसाठी परत जाईल होय!

दस्तुरी_नाका:
जहाजांचं शंभर टक्के मान्य. पण मागे फिरला नाही तरी पैसे जमतातच ना? ते गावाच्याच कामी येतील.

उंटावरचा_शहाणा:
येऊ देत. त्या पैशांतून एक तरी घर रहिवाशाला परवडेल अशा भाड्याने मिळालं तर पुढच्या खेपेस मी रांगेत पहिला. मैनाताई, रिआल्तो पुलाजवळ एका औषधांच्या दुकानाच्या काचेत आकडे झळकतात, ते पाहिलेत का?

भटकी_मैना:
लाल आकडे? हो! मला वाटलं दुकानाचा टोकन नंबर. पण पाच आकडी कसा, म्हणून यांनी फोटोही काढला.

उंटावरचा_शहाणा:
ती शहरात उरलेली माणसं.