तांबट पक्ष्याची प्रजाती बदलली, मग कुळाचं नाव मेगलायमिडीच कसं?

नोंदवही: जुन्या याद्यांत तांबट ‘मेगलायमा हीमासेफाला’ आहे, नव्यांत ‘सिलोपोगॉन हीमासेफालस’ (पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जीनस; दुसरा जातीचा, म्हणजे स्पीशीज). कुळही कॅपिटोनिडी होतं, ते मेगलायमिडी झालं. मेगलायमा प्रजातीच उरली नाही, तर तिच्या नावाचं कुळ कसं? शेवटच्या ‘ला’चा ‘लस’ का? जुन्या नोंदी बदलताना काय सांभाळायचं?

खंड्या: कुळ बदललं ते नात्यामुळे. अमेरिकेतले बार्बेट (तांबटासारखे पक्षी) आशियातल्या बार्बेटांपेक्षा टुकनला, म्हणजे मोठ्या चोचीच्या अमेरिकी पक्ष्यांना, जवळचे निघाले. टुकनला बाहेर ठेवून सगळे बार्बेट एका कुळात घालणं म्हणजे सख्ख्याला वगळून चुलत्याला वारस करणं. म्हणून आशियाई बार्बेटांना वेगळं कुळ.

प्रजातीचं कारण वेगळं. सिलोपोगॉनमध्ये एकच जाती होती आणि डीएनएनुसार ती मेगलायमाच्या मधोमध बसते. दोन्ही एक केल्यावर जुनं नाव टिकतं: सिलोपोगॉन १८३६ चं, मेगलायमा १८४२ चं. एकट्या जातीच्या प्रजातीने अख्खा गोतावळा गिळला! कुळाच्या नावाला मात्र हा न्याय नाही. प्राणिनामसंहितेचं, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं, कलम ४० म्हणतं, आधारभूत प्रजातीचं नाव मागे पडलं एवढ्याच कारणाने कुळाचं नाव बदलू नये.

शिक्रा: ‘लस’ हे निव्वळ व्याकरण. पोगॉन म्हणजे ग्रीकमध्ये दाढी, शब्द पुल्लिंगी. विशेषण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे फिरतं, काळा घोडा-काळी घोडी तसं. नाम असेल तर फिरत नाही. गायबगळे बुबुल्कसमधून आर्डियात गेले तेव्हा कोरोमँडसचं कोरोमँडा झालं, पण आयबिस हे नाम, म्हणून ते आयबिसच राहिलं.

तांबटाच्या नावापुढे नाव देणारा आणि वर्ष, (स्टॅटियस म्यूलर, १७७६), कंसात लिहितात, कारण मूळ नाव बुक्को प्रजातीत दिलं होतं. कंस गाळू नका, तो शोभेचा नाही.

गप्पीदास: जुन्या नावावर नवं कधीच लिहू नका. शेजारी दोन रकाने वाढवा: आजचं नाव, आणि ते कोणत्या यादीच्या कोणत्या आवृत्तीतलं. शोधताना ‘हीमासेफाल’ एवढंच घाला, दोन्ही रूपं सापडतील.

खरा घोळ एका जातीचे तुकडे होऊन दोन जाती होतात तिथे, जसं गायबगळ्यांचं झालं. जुन्या नोंदीतला ‘बुबुल्कस आयबिस’ आज आर्डिया आयबिस की कोरोमँडा, हे ठिकाण पाहिल्याशिवाय ठरत नाही. अशा ओळी सरसकट ‘शोधा-बदला’ने उरकू नका.

शिक्रा: भर एवढीच, की एका प्रजातीत दोन जातींची नावं सारखी आली तर नंतरच्या नावाऐवजी दुसरं वापरावं लागतं. तिथे अर्धा शब्द शोधून हाती काही लागत नाही, समानार्थी नावांची यादीच उघडावी लागते.