अपस्माराचा 'फोकस' : केंद्र, नाभी की उगमक्षेत्र?

प्रश्न (धुळे) :

औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या अपस्माराविषयी (मिरगी, फिट येणे) रुग्णांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचे मी मराठी भाषांतर करीत आहे. मेंदूच्या चित्रणावरून झटक्यांचा 'फोकस', म्हणजे ते जेथून सुरू होतात ती जागा, कशी शोधतात, हा त्यातील मुख्य भाग आहे. त्यासाठी 'केंद्र' हा शब्द योजून मी असे वाक्य लिहिले आहे : 'एमआरआयमध्ये झटक्यांचे केंद्र दिसते व शस्त्रक्रियेने ते काढून टाकता येते.' भौतिकशास्त्राच्या परिभाषेत फोकसला 'नाभी' म्हणतात, तो शब्द येथे चालेल का? तसेच 'ड्रग रेझिस्टंट' या विशेषणासाठी 'दुर्धर' योग्य ठरेल का?

उत्तर (जळगाव) :

ताई, 'नाभी' भिंगाच्या धड्यातच राहू द्यावी. रुग्णाच्या नातेवाइकांना ती वाचून बेंबीच आठवेल. लॅटिनमध्ये 'फोकस' म्हणजे चूल, आणि खरे सांगायचे तर नाभीपेक्षा चूलच या अर्थाला जवळची आहे, कारण धूर घरभर झाला तरी तो निघालेला असतो चुलीतूनच. पण तो शब्दही पत्रकात घालता येणार नाही.

'केंद्र' म्हटले की वर्तुळाच्या मधोमध असलेला एक ठिपका मनात उभा राहतो. मेंदूत असा ठिपका नसतो. झटका जेथून सुरू होतो तो पेशींच्या जाळ्याचा लहानमोठा प्रदेश असतो, आणि त्याच्या कडा कोणत्याही चित्रात रेघ मारल्यासारख्या उमटत नाहीत. म्हणून मी 'उगमक्षेत्र' सुचवतो. आपल्याकडे हा शब्द समजावून सांगणे अवघड नाही. आमच्या कानळदा गावाला गिरणा नदीचे पाणी चढते तेव्हा तेथे आभाळ कोरडे असू शकते. पाऊस वर सह्याद्रीत पडलेला असतो. झटक्याचेही असेच असते. हात थरथरतो किंवा वाचा बंद होते ती पुराची जागा होय, आणि उगम त्याच्या मागे, क्वचित बराच दूर असतो. रुग्णाला वा घरच्यांना जाणवते ते पहिले लक्षण आणि झटक्याचा आरंभ यांत त्यामुळे अंतर पडू शकते. तरीही लक्षणांचा क्रम हा पहिला पुरावा आहेच. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा; त्याआधी १८८६ मध्ये लंडनमध्ये शल्यचिकित्सक व्हिक्टर हॉर्स्ली यांनी अपस्मारावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा कवटी कोठे उघडायची हे ठरवताना झटका शरीराच्या कोणत्या भागात सुरू होतो हीच मोठी खूण हाताशी होती.

मला खरा आक्षेप मात्र आपल्या नामावर नसून क्रियापदावर आहे. 'दिसते' हे क्रियापद येथे चुकीचे आहे. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो : आक्रसलेला हिप्पोकॅम्पस (मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग), जन्मतः मेंदूच्या बाह्यपटलाची घडण बिघडलेला भाग, एखादा जुना व्रण किंवा आपल्या देशात बरेचदा आढळणारी फीतकृमीच्या अळीची गाठ. व्रण दिसला म्हणजे झटका तेथूनच निघतो असे सिद्ध होत नाही. 'पेट' या दुसऱ्या प्रकारच्या चित्रणात त्या भागाचा साखरेचा वापर दिसतो, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात तो सहसा कमी झालेला असतो. 'स्पेक्ट' या रक्तप्रवाह दाखवणाऱ्या चित्रणात झटका सुरू होताच काही सेकंदांत किरणोत्सारी द्रव्य शिरेतून द्यावे लागते. ते मेंदूत जेथे अडकते तेथे त्या क्षणी रक्तप्रवाह वाढलेला असतो, आणि चित्र नंतर सवडीने काढले तरी चालते. म्हणजे एकच जागा पेटमध्ये मंदावलेली आणि स्पेक्टमध्ये उजळलेली दिसू शकते. सुई टोचायला उशीर झाला, तर उगमाऐवजी पूर पोहोचलेली जागाच उजळते. ज्या भागाशिवाय झटका निर्माणच होऊ शकत नाही आणि जो काढल्यावर झटके थांबतात, त्याला तज्ज्ञ अपस्मारजनक क्षेत्र म्हणतात. या व्याख्येप्रमाणे त्याची खात्री शस्त्रक्रियेनंतरच पटते. तोवर व्हिडिओ-ईईजी (रुग्णाच्या चित्रफितीसोबत घेतलेली मेंदूची विद्युतनोंद) आणि ही सारी चित्रे जुळवून त्याचे अनुमान करायचे असते. या पुराव्यांचा मेळ बसला नाही, तर काही रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा घालून आतूनच विद्युतनोंद घ्यावी लागते.

'दुर्धर' मला मुळीच मान्य नाही. तो शब्द वाचल्यावर माणूस उपाय संपले असे समजून घरी बसतो. अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१० सालच्या व्याख्येनुसार योग्य निवडलेली, रुग्णाला सोसणारी आणि नीट घेतलेली दोन औषधे, एकेकटी किंवा एकत्र देऊनही झटके टिकाऊपणे थांबले नाहीत, तर अपस्मार औषधरोधी ठरतो. सुमारे एक तृतीयांश रुग्ण या गटात येतात. 'औषधाचा गुण आला नाही' हे वाक्य आपण पहिल्या गोळीनंतर, किंबहुना गोळ्या मध्येच सोडल्यावरही बोलतो. त्याचा अर्थ औषधरोधी असा होत नाही. आणि औषधरोधी ठरणे म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार सुरू करण्याची वेळ येणे. दिल्लीच्या एम्समध्ये अशा ११६ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका वर्षाच्या अखेरीस शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ७७ टक्के मुले झटकामुक्त होती. केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. अशा आजाराला दुर्धर कसे म्हणावे?

उत्तर (शिरपूर) :

भाऊंचे म्हणणे पटले, परंतु 'झटका' या शब्दावरही विचार व्हावा. आमच्याकडे अहिराणीत 'मन्हा आंडोरले मिरगी येस' (माझ्या मुलाला मिरगी येते) असे म्हणतात, तेव्हा पोरगा जमिनीवर पडला, अंग ताठ झाले, तोंडाला फेस आला, हेच अभिप्रेत असते. उगमक्षेत्र कानशिलामागच्या खंडात असलेले अनेक रुग्ण मात्र पडतच नाहीत. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, मग नजर एका जागी थिजते, ओठ चावल्यासारखे हलतात, हात कपडे चाचपत राहतो. याला मिरगी कोणी म्हणत नाही; 'बाहेरचे' आहे म्हणून अंगारा लावतात, आणि वर्षे निघून जातात. (कांदा आणि चप्पल हुंगवणे पडणाऱ्याच्याच वाट्याला येते, एवढाच काय तो या रुग्णांचा फायदा.) तेव्हा पत्रकात 'झटका' ठेवावा, पण हे न पडणारे झटकेही वर्णन करून सांगावेत. वर्णन वाचूनच घरचे मोबाइलवर चित्रफीत काढतील, आणि ती डॉक्टरांना उपयोगी पडते.

आणखी एक शब्द तपासावा, तो म्हणजे 'नॉर्मल'. 'डोक्याचा फोटो नॉर्मल आला' याचा अर्थ आमच्या गावात 'आजार नाही, ढोंग आहे' असा घेतला जातो.

प्रश्नकर्ती (धुळे) :

दोघांचे आभार. 'दुर्धर' काढून 'औषधरोधी' घातले असून, त्याखाली दोन औषधांची अट साध्या शब्दांत लिहिली आहे. न पडणाऱ्या झटक्यांसाठी स्वतंत्र परिच्छेद करीत आहे. मूळ वाक्य आता असे झाले आहे : 'व्हिडिओ-ईईजी आणि मेंदूची निरनिराळी चित्रे एकमेकांशी ताडून झटक्यांचे उगमक्षेत्र कोठे असावे याचा अंदाज बांधतात, तो भाग काढल्याने वाचा, स्मृती किंवा हालचाल यांना मोठी इजा होणार नसेल, तरच शस्त्रक्रिया सुचवतात. एमआरआयमध्ये काही आढळले नाही, तरी आजार नाही असे समजू नये.' यातील 'अंदाज' शब्द रुग्णाला घाबरवील असे वाटत असेल, तर कळवावे. 'अनुमान' मला पत्रकासाठी जड वाटतो.

उत्तर (शिरपूर) :

'अंदाज' राहू द्या. शेतकरी माणूस पावसाच्या अंदाजावर पेरणी करतो, त्याला तो शब्द परका नाही.