‘नुसती मशीनच तर बंद पडते’ म्हणून कर्नलचा पॅच टाळायचा का?

जुळे सोलापूर
काल आपल्या लिनक्स गटात एका सदस्याने लिहिले, की कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) ज्या दोषामुळे लोकल युजर, म्हणजे यंत्रावर साधे खाते असलेला वापरकर्ता, मशीन पाडू शकतो, पण रूट (सर्वाधिकारी) होऊ शकत नाही, त्याचा बाऊ करू नये. लॉगिन असलेला माणूस आपलाच असतो आणि तीव्रतेचे दहापैकी ५.५ गुण असलेल्या दोषाचा पॅच (दुरुस्ती) टाकायला कोणी चालता सर्व्हर रीबूट करत नाही. हे मला मुळीच पटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हे ५.५ गुण सूत्रातून येतात. माहिती फुटत नाही, बदलत नाही, फक्त यंत्र पूर्ण बंद पडते, एवढेच त्या सूत्राला कळते. त्या यंत्रावर त्या क्षणी किती जणांचे काम चालू होते, हे त्याला कळत नाही. दुसरे असे, की ‘फक्त क्रॅश’ हा शिक्का अनेकदा घाईने मारलेला असतो. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातील सेथ जेनकिन्स यांनी जानेवारी २०२३ मध्ये दाखवून दिले, की नल पॉइंटरमुळे (रिकाम्या पत्त्यामुळे) होणारा साधा ऊप्स (कर्नलची अशी चूक, जिच्यात सहसा फक्त चालू प्रोसेस मरते) पुन्हा पुन्हा घडवला, तर मरणाऱ्या प्रोसेसने धरून ठेवलेले रेफरन्स (मेमरी वापरात असल्याच्या नोंदी) सुटत नाहीत, त्यांची मोजणी शेवटी उलटून शून्यावर येते आणि मोकळी झालेली मेमरी हल्लेखोराच्या हाती लागते. वर्षानुवर्षे निरुपद्रवी मानलेला दोष असा रूटपर्यंत पोहोचू शकतो.

अक्कलकोट रोड
ती पोस्ट माझीच होती, तेव्हा उत्तरही मीच देतो. मी एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. तेथे लॉगिन असलेली माणसे मोजकी आहेत आणि सगळी हिशेब विभागातील आहेत. मागे कर्नल बदलला आणि लेबल छापणारा प्रिंटर मुका झाला. निर्यातीचा माल बांधून तयार होता, पण लेबलाविना कंटेनर सुटू शकला नाही. तुमचा हल्लेखोर आमच्याकडे कधी आला नाही, पॅच मात्र आला आणि नुकसान करून गेला.

शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची मंडळी स्वतःच सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषांचे नोंद क्रमांक) देतात आणि सुरक्षेशी दूरान्वयाने संबंध असू शकेल अशा प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळतो. त्या हजारोंच्या यादीतून माझ्यासारख्या एकट्या माणसाने काय निवडायचे? आणि जेनकिन्स यांच्या ज्या कामाचा आपण दाखला देता, त्यावरचा उपाय कोणता निघाला? कर्नल ६.२ पासून १०,००० ऊप्स झाले, की यंत्र स्वतःहून पॅनिक होते (पूर्ण थांबते). म्हणजे कर्नल लिहिणाऱ्यांनीच क्रॅश ही कमी वाईट गोष्ट मानली.

प्रयोगशाळा
कमी वाईट कोणासाठी, हे विचारायला हवे. मी ज्या महाविद्यालयात काम करत होतो, तेथे अंतिम वर्षाचे सगळे विद्यार्थी एकाच सर्व्हरवर लॉगिन करत. प्रकल्प जमा करण्याच्या आदल्या रात्री एका मुलाने कुठूनतरी मिळालेला क्रॅशचा कोड चालवून पाहिला आणि यंत्र कोसळले. इतरांची रात्रंदिवस चाललेली सिम्युलेशन गेली. त्या मुलाला निलंबित केले. मात्र कर्नल कित्येक वर्षे जुना ठेवणाऱ्याला, प्रोसेसच्या संख्येवर मर्यादासुद्धा न घालणाऱ्याला कोणी एका शब्दाने विचारले नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

निवृत्त अभियंता
आपला राग चुकीच्या माणसावर आहे. दुसऱ्याचे संगणक बंद पाडणे बेकायदा आहे, हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे आणि कलम ६६ खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पॅच नव्हता हे कारण पुढे करून विद्यार्थ्याला निर्दोष ठरवू लागलात, तर उद्या प्रत्येक प्रयोगशाळेत हेच होईल.

प्रयोगशाळा
मी त्याला निर्दोष म्हटलेले नाही. कृपया न लिहिलेले माझ्या तोंडी घालू नका. कलम ६६ लागू होण्यासाठी कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असावे लागते, हेही त्याच कायद्यात आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचे कुतूहल आणि कपट यांत फरक करायचा नसेल, तर शिकवायचे तरी कशाला? जून २००४ मध्ये काही ओळींचा सी प्रोग्राम साध्या युजरने चालवला, तरी लिनक्सचे २.४ आणि २.६ कर्नल गोठत होते. १९९७ मध्ये तर पेंटियम प्रोसेसर चार बाइटच्या एका सूचनेने थिजत असे आणि त्यावरचा उपाय ऑपरेटिंग सिस्टीमला करावा लागला. दोन्ही वेळा दुरुस्त्या झाल्या, त्या दोष उघडपणे मांडले गेले म्हणून.

निवृत्त अभियंता
दोष मांडणे वेगळे आणि परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्यांच्या कामावर तो चालवणे वेगळे. ज्यांची सिम्युलेशन बुडाली, त्यांच्या पालकांसमोर उभे राहून हे ‘कुतूहल’ समजावून सांगा.

प्रयोगशाळा
सांगितले आहे, समोर उभे राहूनच सांगितले आहे. आणि त्यांतल्या एका वडिलांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर संस्थेकडे नव्हते: हे होऊ शकते हे माहीत होते, तर मग होऊ का दिले?

जुळे सोलापूर
अक्कलकोट रोड यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो गंभीर आहे. आपण लोकल युजर म्हणून फक्त हिशेब विभागातील माणसे मोजता. आपल्या सर्व्हरवर मागणी नोंदवण्याचे वेबपान असेल, तर ते ज्या खात्यावर चालते तेही लोकल युजरच आहे. त्या पानात एक छिद्र सापडले, की बाहेरचा माणूस आपल्या कर्नलसमोर उभा असतो. ते पान सॉफ्टवेअरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या कप्प्यात) ठेवले म्हणून सुटका नाही, कारण कर्नल सर्वांचा एकच असतो. जुलै २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने उघड केलेला सिस्टमडीचा (लिनक्समध्ये सर्वांत आधी सुरू होऊन बाकीच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) दोष आठवा. तो कर्नलमधला नव्हता, पण साध्या युजरने आठ एमबीहून लांब पाथवर (फोल्डरच्या पत्त्यावर) फाइल सिस्टीम माउंट केली (जोडली), तरी पहिली प्रोसेस मरत असे आणि तिच्यापाठोपाठ कर्नल पॅनिक होत असे. ऊप्सच्या मर्यादेबद्दल आपले बरोबर आहे, रूट जाण्यापेक्षा यंत्र पडलेले बरे. पण म्हणून यंत्र पाडण्याचा अधिकार कोणाही युजरला देऊन ठेवावा, असे त्यातून निघत नाही.

अक्कलकोट रोड
वेबपान आहे, आणि ते त्याच यंत्रावर आहे. इतके मला मान्य करावे लागेल. हजारोंच्या यादीतून काय निवडायचे, या प्रश्नाला मात्र आपण बगल दिलीत.

जुळे सोलापूर
एकेक क्रमांक निवडायचाच नाही. आपल्या लिनक्स वितरणाच्या (डिस्ट्रिब्यूशनच्या) दीर्घकालीन आवृत्तीचा कर्नल जसा येतो तसा घ्यायचा, आधी चाचणीसाठीच्या जोडीच्या यंत्रावर आपल्या प्रिंटरसह चालवायचा आणि जुना कर्नल ग्रबमध्ये (यंत्र सुरू होताना कर्नल निवडण्याच्या यादीत) राखून ठेवायचा. सामान्य युजरला युजर नेमस्पेसची (स्वतःच्या कप्प्यापुरते रूटसारखे अधिकार देणाऱ्या सोयीची) गरज नसेल, तर तेही बंद करावे. कर्नलचे अनेक दोष त्याच वाटेने युजरच्या हाती लागतात.

अक्कलकोट रोड
जोडीचे यंत्र मालकाकडून मागून घ्यावे लागेल आणि त्यासाठीचे भांडण मलाच करायचे आहे, आपल्याला नाही. मिळाले, तर सुटीच्या दिवशी प्रिंटर लावून पाहतो. लेबल निघाले नाही, तर मी जुन्या कर्नलवर परत जाईन आणि येथे तसे लिहीन.

निवृत्त अभियंता
विद्यार्थ्याच्या शिक्षेबद्दल माझे मत तेच आहे. परंतु चौकशी समितीने सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही समोर बसवून त्या वडिलांचाच प्रश्न विचारायला हवा होता, एवढे मान्य करतो.

प्रयोगशाळा
हे वाक्य त्या समितीतल्या एकानेही उच्चारले नव्हते.