रात्री निघून आलेल्या बाईला पुढे कुठे न्यायचं?

नाशिककर
माझ्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटणारी ताई परवा रात्री साडेअकराला दोन मुलांना घेऊन दारात आली. मनगट सुजलेलं, पायात चप्पल नाही. तिचा भाऊ फोनवर म्हणतो, "समजुतीनं घे." नवरा रोज केंद्रावर येऊन चौकशी करतो. माझी खोली एकच. ती म्हणते, उंबरा ओलांडला म्हणजे घरावरचा हक्क गेला. खरं आहे का हे? आणि तिला न्यायचं कुठे?

आधारगृहातली मावशी
हक्क गेलेला नाही, हे तिला आजच सांगा. मी आठ वर्षं महिलांच्या आधारगृहात आहे. याच भीतीनं परत गेलेल्या बाया मी पाहिल्यात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. अर्ज ती सध्या राहते त्या ठिकाणच्या कोर्टातही चालतो. महिलांना वकील मोफत मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

पण आधी सरकारी दवाखाना. मनगट कशानं सुजलं ते केसपेपरवर लिहून घ्या. मग 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. ते जिल्ह्याच्या 'सखी' केंद्राशी, म्हणजे हिंसाचार सोसलेल्या बायांसाठीच्या सरकारी मदत केंद्राशी, जोडून देतात. तिथे काही दिवस मुक्काम होतो, पुढे लांबच्या मुक्कामासाठी शक्ती सदन आहे (पूर्वी स्वाधार गृह म्हणायचे). मुलगा मोठा असेल तर वयाची अट आधी विचारा. आयत्या वेळी मायलेकरांची ताटातूट होताना बघवत नाही. आणि नवरा दारात आला की थेट 112 ला फोन करून पोलीस बोलवा.

तिचा फोन कुणी घेऊन दिला? लोकेशन बंद करा.

नाशिककर
फोन त्यानंच दिलाय, सिमही त्याच्या नावावर. लाडकी बहीणचे 1500 जमा होतात, पण एटीएम कार्ड त्याच्याकडे.

आधारगृहातली मावशी
मग उद्याच तिच्या नावावर सिम घ्या. आधार केंद्रात मोबाइल नंबर बदलायला वेगळे कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे पुरतात. त्यानंतर बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करा. आमच्याकडे आलेल्या एकीनं हे महिनाभर लांबवलं, तोवर खातं रिकामं झालं होतं. फार वाईट वाटलं मला.

सातपूरची
मी स्वतः यातून गेलेय. मुलांची शाळा बुडवू नका. दाखला नाही म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा दाखवा. मला सगळ्यात जड गेलं ते डिपॉझिट. एकट्या बाईला खोली देताना घरमालक 'मिस्टर कुठे?' विचारतात. तुम्ही तिची हमी घ्याल का?

नाशिककर
घेईन. दवाखान्यात जाऊन आलो, केसपेपर माझ्या गल्ल्यात ठेवलाय. उद्या अकराला 'सखी'त जातोय. धाकटी विचारतेय, दप्तर आणायला जायचं का. नवीन घेऊ म्हटलं.