आईबाबांच्या पन्नासाव्या लग्नवाढदिवसाची फोटो-फिल्म

ए-४०३: नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. जुन्या फोटोंची फिल्म करून १८ तारखेला आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचीय. साधारण २०० फोटो जमलेत. सुरुवात कुठून करू?

बी-७०२: आधी फोटो कमी करा, दादा. २०० फोटो, प्रत्येकी ५ सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. एवढा वेळ घरच्यांचंही लक्ष टिकत नाही. ६० निवडा. एक फोटो विरघळत दुसरा येतो तो १ सेकंद दोन्हींत मोजला जातो, तो वजा करायचा: ३०० वजा ५९, म्हणजे २४१ सेकंद. चार मिनिटं. हे वजा करायला विसरलं की संगीत पुढे चालू राहतं आणि पडदा काळा.

सी-१०१: सगळ्यांना सरसकट ५ सेकंद मात्र देऊ नकोस रे. चेहरे मोज. एकट्याच्या फोटोला ४ पुरतात, दोघातिघांच्या ५. मांडवातल्या पंचवीस माणसांच्या फोटोला ९-१० हवेत. बघणारा आधी स्वतःला शोधतो, मग जी माणसं आता नाहीत त्यांना. ते सापडायच्या आत फोटो सरकला तर फिल्म केलीच कशाला? अशा फोटोला पहिले ३ सेकंद अजिबात हलवू नको, मग सावकाश झूम, तोही ११०-११५ टक्क्यांच्या वर नाही. पानं उलटणारे, गरगर फिरणारे इफेक्ट अ‍ॅपमध्ये ढीगभर असतात. एकही वापरू नको.

ए-४०३: बरं काका. अल्बममधले फोटो मोबाइलने काढले तर चालतील?

बी-७०२: फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे काचेवर फोटो पालथा ठेवायचा तो, मिळाला तर तोच. ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, ३६०० बाय २४०० पिक्सेल येतो. फिल्मची चौकट १९२० बाय १०८०, म्हणजे झूमला भरपूर जागा. ३०० डीपीआयला १८०० बाय १२०० येतो, तो पूर्ण चौकटीलाही किंचित कमी पडतो आणि झूम केला की चेहरे धुरकट. १२०० फक्त पासपोर्ट साइजच्या फोटोंना. रेशमी दाण्याच्या कागदावर स्कॅनरचा उजेड चमकून ठिपके येतात. तेवढे फोटो खिडकीशी, पंखा आणि ट्यूबलाइट बंद करून, मोबाइल बरोबर वर समांतर धरून काढा.

डी-५०४: चिकट पानांचे अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका हं. आपल्याकडच्या दमट हवेत ते घट्ट बसतात आणि ओढले की मधोमध दुमडतात. दातांचा फ्लॉस फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू चालवा. नाहीच निघाला तर अख्खं पान स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करायचा. सोलला तर चेहराच काचेवर राहतो.

बी-७०२: आणखी एक. ४ बाय ६ चा आडवा फोटो फिल्मच्या १६:९ (रुंदी:उंची) चौकटीत पूर्ण भरला की उंचीचा साधारण सहावा भाग कापला जातो. सॉफ्टवेअर वरखाली सारखं कापतं, म्हणजे मागच्या रांगेतली डोकी जातात. प्रत्येक फोटो हाताने सरकवून बघा. उभे फोटो भरायचेच नाहीत. पूर्ण उंची ठेवा, मागे त्याच फोटोची धूसर प्रत.

ए-४०३: बऱ्याच फोटोंवर तारीख नाही. क्रम कसा लावू?

सी-१०१: मागची बाजू बघ, स्टुडिओचा शिक्का असतो. मग फोटोतल्या मुंबईकडे बघ. मागे ट्राम असेल तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, त्या दिवशी शेवटची धावली. गाडीच्या पाटीवर एमएच असेल तर १९८९ च्या मध्यानंतरचा. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वाहतूक दिसली तर जून २००९ नंतरचा. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर विसंबू नको, बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्यात ती पुन्हा लावायला लोक विसरायचे. फाइलींना ०१०, ०२०, ०३० असे दहाच्या टप्प्याने नंबर दे. मामाकडून उशिरा आलेला फोटो ०२५ म्हणून मध्ये बसतो.

डी-५०४: मामांना, आत्यांना सांगा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की आकारही घटतो आणि काढल्याची तारीखही पुसली जाते.

ए-४०३: सगळ्यांचे आवाजही घ्यायचेत. आईला आत्ताच कळू द्यायचं नाहीये.

डी-५०४: फार छान होईल. ज्याचा त्याचा फोन, रेकॉर्डर अ‍ॅप, तोंडापासून एक वीतभर दूर, फ्लाइट मोड. साड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बोलायला सांगा, कपडे घुमारा शोषतात. पंखा बंद. लोकल जात असेल तर ती जाईपर्यंत थांबा. बोलण्याआधी ५ सेकंद गप्प राहायला सांगा, खोलीचा तो आवाज पुढे खरखर काढायला लागतो. आवाजाखाली शब्दांचं गाणं नको, दोन्ही समजत नाहीत. बासरी, संतूर, सतार, आणि तीही बोलण्यापेक्षा १८-२० डेसिबल खाली.

ए-४०३: नावं टाकली तर अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटताहेत.

बी-७०२: अ‍ॅपला देवनागरी जुळवता येत नाही. मजकूर गूगल डॉक्समध्ये मोठ्या अक्षरात टाइप करून त्याचा स्क्रीनशॉट चित्र म्हणून टाका. फॉन्ट ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या, त्यात आपले मराठी वळणाचे ल आणि श आहेत. अक्षरं कडेला नेऊ नका. चारही बाजूंनी दहावा भाग मोकळा सोडा, काही टीव्ही कडा कापतात.

सी-१०१: एक्स्पोर्ट करताना सेटिंगमध्ये फाइल एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी, बिटरेट १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) निवड. चार मिनिटांची फाइल साधारण ३०० एमबी होईल. एच.२६५ नको, जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असू दे. सगळ्यांना पाठवायची तीही डॉक्युमेंट म्हणूनच.

ए-४०३: यूट्यूबवर टाकू का?

बी-७०२: सिनेमातलं गाणं असेल तर तिथे आवाज बंद होऊ शकतो. हॉलमध्ये पेन ड्राइव्हवरूनच लावा.

सी-१०१: १७ तारखेला संध्याकाळी हॉलची किल्ली वॉचमनकडे ठेवतो. दिवे मालवून, शेवटच्या रांगेत बसून अख्खी फिल्म एकदा बघ. नावं तिथून वाचता आली नाहीत तर रात्री अक्षरं मोठी करायला वेळ राहील.