घरात, वर्गात आणि आजीजवळ वाचता येतील अशी मराठी पुस्तके सुचवावीत

मखमलाबादची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग शिकवते आणि मखमलाबादला राहते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. घरात आम्ही सगळे मराठीच बोलतो, तरीही मराठी पुस्तक हाती दिले की जोडाक्षरापाशी त्याचे बोट अडते. परवा त्याने 'प्रश्न' हा शब्द 'प्रशन' असा वाचला, मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुस्तक मिटून ठेवले. मी काहीच बोलले नव्हते, पण माझा चेहरा बोलला असणार.

वर्गातली अडचण याच्या उलट आहे. तिथली मुले दिवसभर मराठीच बोलतात, परंतु बहुतेकांच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक नाही. शाळेत पुस्तकांचे कपाट आहे. मी रुजू झाले तेव्हा त्याला कुलूप होते, कारण एखादे पुस्तक फाटले किंवा हरवले तर भरपाई कोणी करायची, हे वर्षानुवर्षे ठरलेच नव्हते. आता कुलूप निघाले आहे, पण आत आहेत ती बारीक टाइपातली जाड चरित्रे आणि शेवटी 'तात्पर्य' असलेल्या गोष्टी. मुले दोन पाने चाळतात आणि पुस्तक जागेवर ठेवून देतात.

घरी सासूबाई आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना फार वेळ वाचवत नाही, मात्र ऐकण्याची हौस दांडगी आहे. मुलाने वाचावे, मी वर्गात वाचून दाखवावे आणि संध्याकाळी सासूबाईंनी ऐकावे, अशी पुस्तके मला हवी आहेत. शिक्षक म्हणून मी स्वतः वाचावे असे एखादे पुस्तकही सुचवावे. आत्ता हाती दीड हजार रुपये आहेत.

बालविभागातील निवृत्त सेवक

ताई, नमस्कार. मी बरीच वर्षे एका वाचनालयाच्या बालविभागात पुस्तके देण्याघेण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणून नऊ वर्षांच्या मुलाचे पुस्तक द्यावे, असा हिशेब आपण करू नये. त्याची समज नऊ वर्षांची आहे, पण मराठी वाचण्याची सवय सहा-सात वर्षांच्या मुलाएवढीच असेल. समजेला साजेसे पुस्तक त्याला वाचवत नाही आणि वाचता येते ते पुस्तक त्याला बाळबोध वाटते. या कात्रीत अडकलेली अनेक मुले मी पाहिली आहेत. म्हणून त्याच्यासाठी एका वेळी दोन पुस्तके चालू ठेवावीत. एक त्याने स्वतः वाचायचे आणि दुसरे मोठ्यांनी त्याला वाचून दाखवायचे.

स्वतः वाचण्यासाठी मी गोष्टीच्या आधी कविता देईन. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी दहाहून अधिक कवितासंग्रह लिहिले. 'राणीची बाग' १९६१ सालचा आहे, 'सशाचे कान' आणि 'एटू लोकांचा देश' त्यानंतरचे. पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या या कवीने मुलांसाठी लिहिताना शब्दांची काटकसर केली नाही की उपदेशही केला नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाला कवितेचा मोठा आधार असतो, कारण ओळ आखूड असते आणि पुढचा शब्द कोणता येणार हे यमकामुळे कानाला आधीच कळते. जोडाक्षर डोळ्यांनी सोडवण्याआधी ते जिभेवर येते. एकच कविता चार दिवस वाचली तरी मुलाला ती शिक्षा वाटत नाही, धड्याबाबत तसे म्हणता येणार नाही.

वर्गासाठी माधुरी पुरंदरे यांनी केलेले 'वाचू आनंदे' घ्यावे. त्यात बालगट आणि कुमारगट असे वेगवेगळे भाग आहेत. मराठीतील निरनिराळ्या लेखकांचे वेचक उतारे आणि कविता त्यात असून त्यांच्या जोडीला चित्रकारांची चित्रेही दिलेली आहेत. उतारा एका तासिकेत वाचून होतो आणि चित्रावर बोलायला वेळ उरतो. चौथीला बालगटापासून सुरुवात करावी, भले मुले कुमारगटात बसत असोत. घरात याहून लहान मूल असेल तर याच लेखिकेचे 'राधाचं घर' अवश्य आणावे.

आजी आणि नातू यांच्यासाठी मात्र माझ्या मनात एकच पुस्तक येते, ते म्हणजे 'श्यामची आई'. आपण नाशिककर आहोत म्हणून हे सांगण्याचा मोह आवरत नाही की साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत लिहून काढले. त्याची बांधणीच ऐकण्यासाठी केलेली आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत. एका संध्याकाळी एक रात्र वाचावी, त्याहून जास्त वाचू नये. सासूबाईंनी ते पूर्वी वाचलेले असण्याची शक्यता आहे आणि तसे असेल तर फारच उत्तम, कारण पुढे काय होणार हे आजीला ठाऊक आहे आणि ती सांगत नाही, यासारखी ओढ मुलाला दुसरी नसते.

खरेदीविषयी एक सूचना आहे. सगळी रक्कम पुस्तकांवर खर्च करू नये. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, तिथे मुलाला सोबत घेऊन जावे आणि पुस्तक त्याचे त्याला निवडू द्यावे. निवडलेले आवडले नाही तर परत करता येते, ही मोकळीक विकत घेतलेल्या पुस्तकात नसते. शाळेसाठी कुसुमाग्रज प्रतिष्ठानकडेही चौकशी करावी. वाचकांच्या गटांना ग्रंथांच्या पेट्या पोहोचवणारी 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना नाशिकमधूनच सुरू झाली आहे.

सातपूरकर पालक

मी कारखान्यात पाळीची नोकरी करतो आणि मला एक मुलगी आहे. वरच्या प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मला पटल्या, परंतु 'श्यामची आई' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचावे, हे मला मान्य नाही. माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी ते तसेच वाचून दाखवले. त्या काळात तिची आई आजारी होती. शेवटच्या काही रात्रींमध्ये श्यामची आई अंथरुणाला खिळते, तेव्हा मुलीने माझा हात धरून वाचन थांबवले आणि पुढे कित्येक दिवस रोज निजताना ती आईच्या कपाळाला हात लावून पाहत असे. पुस्तक थोर आहे याबद्दल माझे दुमत नाही. ते कोणत्या घरात, कोणत्या वेळी वाचायचे हे मात्र आधी पाहावे लागते.

मुलाने आपणहून मराठी वाचायला हवे असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश सायकलवर बसला आणि त्याने 'ट्टॉक' केले की नऊ वर्षांचा मुलगा जोडाक्षराशी थांबत नाही, कारण त्याला पुढचे पान गाठायचे असते. भाषा थोडी जुनी आहे, काही शब्द अडतील. ते अडू द्यावेत, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारू नये. मी रात्रपाळीला जाण्याआधी पहिली चार पाने वाचून ऐन रंगात पुस्तक मुलीच्या हाती ठेवून निघत असे. सकाळी परत येईपर्यंत तिने प्रकरण संपवलेले असायचे.

खर्चाचा विचार असेल तर बालभारतीचे 'किशोर' मासिक आहे. ते १९७१ च्या बालदिनी सुरू झाले आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. वर्गासाठी त्यातल्या निवडक गोष्टी छापून घेतल्या तर कपाटाच्या कुलपाचा प्रश्नच उद्भवत नाही.

पेठ तालुक्यातील शिक्षक

बाई, आपण शिक्षक म्हणून वाचण्याचे पुस्तक विचारले आहे, तेवढ्यापुरते मी लिहितो. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणले आहे आणि नॅशनल बुक ट्रस्टने ते काढल्यामुळे किंमतही परवडणारी आहे. एका शाळेतून काढून टाकलेली लहान मुलगी तोमोई नावाच्या दुसऱ्या शाळेत येते. तिथे आगगाडीच्या डब्यांत वर्ग भरतात, आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. ही शाळा खरोखर टोकियोत होती आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. हे पुस्तक शिक्षकांचे मानले जाते, पण ते मुलांनाही वाचून दाखवावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

माझ्या वर्गातली मुले घरी कोकणी बोलतात. इथे मी डांग-पेठ भागातल्या आदिवासी बोलीविषयी म्हणतो आहे, गोव्याच्या कोकणीविषयी नाही. पुस्तकातली मराठी त्यांना कळते, पण ती दुसऱ्याच्या घरची वाटते. तोमोईतली मुले डब्यात 'थोडे समुद्रातले आणि थोडे डोंगरातले' आणतात, तो भाग मी एका दुपारी वाचून दाखवला आणि विचारले की आपल्याकडे डोंगरातले काय काय असते. नागलीची भाकरी, वरई, खुरासणीची चटणी, करटुली, करवंदे, बांबूचे कोंब अशी यादी थांबेचना. फळ्यावर जागा उरली नाही. मग समुद्रातले काय, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला, कारण एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. थोड्या वेळाने मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाजारात सुके बोंबील भेटतात, ते समुद्रातलेच ना गुरुजी?" वर्षभर जिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, तिने टोकियोची शाळा आमच्या आठवडे बाजाराला जोडून दिली. त्या दिवसापासून मी एक पद्धत पाळतो. प्रकरण मी पुस्तकातल्या मराठीत वाचतो आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी एक मूल तेच आपल्या बोलीत सांगते. सांगताना मुले त्यात आपल्या पदरचे घालतात, आणि मी दुरुस्त करत नाही.

दुसरे पुस्तक म्हणजे गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, साधारण नव्वद वर्षांपूर्वीचे आणि तेही आपल्यासारख्याच चौथीच्या वर्गाविषयी आहे. त्यातला शिक्षक मोठ्या तयारीने वर्गात जातो, मुलांना शांत बसण्याचा खेळ सांगतो आणि मुले त्याचा पुरता गोंधळ उडवतात. मग तो गोष्ट सांगायला घेतो आणि तिथून वर्ग त्याचा होतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझी हीच गत झाली होती; हे पुस्तक तेव्हा हाती असते तर मी मुलांवर इतका ओरडलो नसतो.

बालविभागातील निवृत्त सेवक

सातपूरकरांचा आक्षेप योग्य आहे आणि मी माझी सूचना बदलतो. घरात आजारपण असेल तर शेवटच्या रात्री राखून ठेवाव्यात. सुरुवातीला 'मुकी फुले' किंवा 'थोर अश्रू' वाचावे. पहिल्यात श्याम कळ्याच तोडून आणतो, म्हणून आई त्याला समजावते. दुसऱ्यात अंघोळ झालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपल्या लुगड्याचे ओले ओचे दगडावर पसरते. दोन्ही आठवणी स्वतंत्रपणे वाचता येतात. मात्र वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलास' असे मुलाला विचारू नये, एवढी माझी विनंती राहील. बालविभागात पालकांच्या तोंडून हा प्रश्न ऐकला की मुलाचा हात पुस्तकावरून निघताना मी पाहिलेला आहे.

मखमलाबादची शिक्षिका

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. 'वाचू आनंदे'चा बालगट, 'एटू लोकांचा देश', फास्टर फेणेचे एक पुस्तक आणि 'तोत्तोचान' असे मी रविवारी आणले. 'श्यामची आई' आणावे लागले नाही. सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या लग्नाआधीची प्रत निघाली, वर जुन्या कॅलेंडरच्या पानाचे कव्हर घातलेली.

काल संध्याकाळी 'मुकी फुले' मी वाचायला बसले होते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले, तर मुलाने पुस्तक ओढून घेतले आणि तो आजीला वाचून दाखवू लागला. स्वयंपाकघरातून मला त्याचे अडखळणे ऐकू येत होते. एका जोडाक्षरापाशी तो थांबला तेव्हा सासूबाईंनी तो शब्द सांगितला नाही. त्यांनी त्याच्या आधीची ओळ पाठ म्हटली आणि पुढचा शब्द त्याने आपणहून उच्चारला. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले.

पेठच्या गुरुजींना एक विचारायचे आहे. मुलांनी बोलीत सांगितलेली प्रकरणे आपण लिहून ठेवता का? ठेवत असाल तर एक-दोन माझ्या वर्गाला वाचून दाखवायला पाठवाल का? आमच्या वर्गातही चार मुलांच्या घरी तीच बोली आहे, आणि ती मुले अजून मागच्या रांगेतच बसतात.