‘आपलं गोकुळ’ ग्रुप, संक्रांत २०२६: नॉर्थची पोरं मोठी कधी होणार?

पप्पू: नॉर्थ मेलबर्न, आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब, त्याच्या मेंबरशिपचे पैसे भरले आज, तिघांचे. हिने विचारलं परत कशाला, मी म्हटलं अगं या वर्षी पोरं तयार झालीयेत. तर हिने गेल्या जानेवारीतला माझाच मेसेज वर काढून दाखवला, शब्द न् शब्द तोच

मीनल: त्याच्या आदल्या वर्षीचा पण आहे, टाकू का?

निखिल: मामा सहा वर्षांत किती मॅच जिंकलात सांगा ना ग्रुपवर, नानाआजोबांना कळू दे

पप्पू: तू गप रे, दुसऱ्या क्लबच्या माणसा, रिचमंडवाल्या

चिनू: २०. मी मोजलंय. २०२० ला ३, मग ४, २, ३, ३ आणि गेल्या वर्षी ५. आणि त्याच वर्षी एक ड्रॉ ब्रिस्बेनशी, ज्यांनी नंतर कप घेतला, ते कुणी बोलत नाही

नानाकाका: सहा वर्षांत वीस? आणि पैसे भरून बघायला जाता? पप्पू तुझ्या आजोबांनी शेतीत एवढा तोटा सोसला नव्हता

सुमाआत्या: जाऊ दे रे नाना, संक्रांत आहे. सगळ्यांना तिळगूळ. मेलबर्नला तीळ मिळतात ना मीनल?

मीनल: मिळतात हो आत्या, टार्निटला सगळं मिळतं. पण बाहेर एवढा उन्हाळा आहे की पाक काही जमेना, लाडू बसले 😅

नानाकाका: मला एक समजावा. एवढे हरतात तरी टीम काढून टाकत नाहीत का? खाली उतरवत नाहीत?

पप्पू: नाही काका, एएफएलमध्ये, म्हणजे आमच्या लीगमध्ये, अठरा टीम आहेत आणि खालची लीग वगैरे भानगड नाही. उलट जो शेवटी येतो त्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये नव्या पोरांतून पहिली निवड मिळते, मग सतरावा, मग सोळावा अशी उलटी रांग. आपल्या कबड्डी लीगसारखा लिलाव नाही, पैशाने पोरगा ओढता येत नाही, नंबर आला की नाव घ्यायचं

नानाकाका: म्हणजे नापास होणाऱ्याला पहिला बाक

पप्पू: अगदी. आणि आम्ही इतकी वर्षं पहिल्या बाकावर बसलोय की आता लाकूड झिजलं. पण त्यामुळेच माल जमलाय ना काका. २०२२ च्या ड्राफ्टला तिसऱ्या नंबरवर हॅरी शीझल, चौथ्यावर जॉर्ज वॉर्डलॉ. २०२३ ला दुसरा कोल्बी मकर्चर, चौथा झेन दुर्स्मा. २०२४ ला दुसरा फिन ओ'सलिवन. तीन वर्षांत पहिल्या चारातली पाच पोरं, एवढं घबाड फार थोड्या क्लबांना मिळतं

चिनू: शीझलला पहिल्याच मॅचमध्ये ३४ वेळा बॉल मिळाला होता नानाआजोबा!! १८ वर्षांचा होता. त्या वर्षी रायझिंग स्टार, म्हणजे लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू, पण तोच आणि क्लबचं बेस्ट अँड फेअरेस्ट, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, पण तोच. माझ्या खोलीत पोस्टर आहे

निखिल: आणि २०२१ चा पहिला पिक, म्हणजे ड्राफ्टमधली पहिली निवड, विसरलात का मामा? हॉर्न-फ्रान्सिस? एक वर्ष राहिला आणि पोर्ट ॲडलेडला पळाला

पप्पू: गेला तर गेला. त्याच्याच बदल्यातल्या उलाढालीत हे शीझल-वॉर्डलॉ आले, मला तरी तो सौदा तोट्याचा वाटत नाही. रुसलेला जावई घरात ठेवून काय करायचंय. आणि दुर्स्मा कसा आला माहितीये का, बेन मकाय करार संपल्यावर एसेंडन क्लबला गेला फुकटात, तर लीगने भरपाई म्हणून वरचा पिक दिला, त्यावर

नानाकाका: हा मकाय काय खेळायचा?

पप्पू: उंच डिफेंडर, मागे उभा राहणारा

नानाकाका: हं

सुमाआत्या: हं म्हटलं म्हणजे नाना आता काहीतरी लांबलचक लिहिणार

नानाकाका: लांबलचक नाही. आता नवीन जी पाच पोरं सांगितलीस त्यात मागे उभं राहणारे किती?

पप्पू: म्हणजे मकर्चर मागून सुरुवात करतो, पण तो पळणारा, बॉल घेऊन सुटणारा. शीझल पण पहिल्या वर्षी मागे खेळला, मग मिडफिल्डला आला. ओ'सलिवन मिडफिल्ड, वॉर्डलॉ मिडफिल्ड, धडक मारणारा, फक्त अंग साथ देत नाही त्याचं, सारखा दुखापतीत. दुर्स्मा पुढे गोल मारणारा, त्याचा अजून जम बसायचाय. उंच असा... नाही. पाचात एकही नाही

नानाकाका: मग तुमची टीम सगळी रेडरांची. साताऱ्याला तालीम संघात असताना मी आठ वर्षं डावा कोपरा धरला, मला विचार. गावात प्रत्येक पोराला रेड टाकायची असते कारण टाळ्या तिथे असतात. पण आमच्या वस्तादांचं ठरलेलं होतं, आधी दोन्ही कोपरे, मग बाकीचे पाच. कोपरा कच्चा असला की तुम्ही दहा पॉइंट आणता आणि पलीकडचा बारा घेऊन जातो

पप्पू: काका तुम्ही एकही मॅच न बघता दुखणं सांगितलंत. गेल्या वर्षी जीलॉंगविरुद्ध त्यांच्या जेरेमी कॅमरनने एकट्याने ११ गोल मारले आम्हाला. अकरा! एक गोल सहा पॉइंटचा, म्हणजे ६६ पॉइंट एका माणसाचे. चिनू सहाव्या गोलला उठून आत गेला, मी आपला बसलो, मेंबरशिप भरली होती ना

चिनू: बाबा पण त्यात बॅकलाइनचा दोष नाहीये सगळा. आपल्या मिडफिल्डने बॉल घालवला की तो इतका फास्ट परत येतो, तेव्हा आपला डिफेंडर चार्ली कोंबेन एकटा असतो आणि समोर कॅमरन पळत येतोय आणि मदतीला कुणी नाही. एकटा कोण थांबवणार? मिडफिल्डर मागे पळतच नाहीत

मीनल: हे मी म्हटलं की मला कळत नाही म्हणतात, मुलाने म्हटलं की ॲनालिसिस

पप्पू: बरोबर आहे चिनूचं, ते मी मान्य करतो. पुढे पळताना आमची पोरं हरणं आणि मागे पळताना बैलगाडी. पण ते शिकवता येतं, विशी-बाविशीची पोरं आहेत. उंची शिकवता येत नाही. कोंबेन बिचारा मुळात पुढे खेळायचा, २०२४ ला मागे नेला आणि तिथेच रुजला, तो चांगलाच आहे. दुसरा उंच डिफेंडर ग्रिफिन लोग गुडघ्यामुळे आधी बराच काळ बाहेर होता. दोघांपैकी एकाला लागलं की मागे अंधार

निखिल: आता रिचमंडच्या पिकचं सांगा मामा. सांगा सांगा

पप्पू: सांगतो रे. काका, २०२४ ला आमच्या लोकांनी २०२५ चा आख्खा पहिल्या फेरीचा हक्क रिचमंडला देऊन टाकला आणि बदल्यात घेतला, मुख्य म्हणजे, त्या वर्षीचा २७ वा नंबर. त्यावर मॅट व्हिटलॉक नावाचा उंच पोरगा घेतला. आणि मग २०२५ ला आम्ही परत तळाशीच, सोळावे, म्हणजे तो हक्क चांगलाच वरचा निघाला. मेलबर्नभर हसले लोक, हा निखिल केक घेऊन घरी आला होता त्या दिवशी

निखिल: केकवर थँक्यू नॉर्थ लिहिलेलं, मामीने दोन तुकडे खाल्ले

मीनल: केक चांगला होता

पप्पू: मी पण शिव्याच घातल्या होत्या. पण आज काकांचं कोपऱ्याचं वाचलं आणि वाटलं की क्लार्कसन वेडा नाहीये. बघा, अॅलिस्टर क्लार्कसन आमचा कोच, हॉथॉर्नला चार कप जिंकून आलेला माणूस, २००८, मग २०१३, १४, १५. तो २००४ च्या शेवटी हॉथॉर्नला लागला तेव्हा तेही तळातच होते आणि त्यांना एका ड्राफ्टमध्ये तीन वरचे पिक होते, दुसरा, पाचवा, सातवा. दुसरा जॅरिड रफहेड, पाचवा लान्स फ्रँकलिन, सातवा जॉर्डन लुईस. यातले पहिले दोन उंच फॉरवर्ड! मिडफिल्डर तिसरा घेतला. चार वर्षांनी २००८ ला फ्रँकलिनने ११३ गोल मारले, रफहेडने ७५ आणि कप घरात. म्हणजे या माणसाने आधी खांब रोवले आणि मग भिंती. नॉर्थला तो २०२२ च्या शेवटी आला, पण इथे वरच्या नंबरला पळणारीच पोरं हाताशी आली, भिंतीच भिंती, म्हणून तो आता खांब शोधत फिरतोय आणि महाग पडला तरी घेतोय

निखिल: मामा पण रफहेड दुसऱ्या नंबरचा पिक होता, तुमचा व्हिटलॉक २७ वा. त्याचा जुळा भाऊ पोर्ट ॲडलेडने ३३ ला घेतला. थोडं थांबला असतात तर एक व्हिटलॉक तुम्हाला पण मिळाला असता, घरात दोन होते

सुमाआत्या: जुळे? अगंबाई. मग आई कुठल्या मॅचला जाते?

चिनू: दुर्स्मांच्या घरी तर अजून गंमत आहे आत्याआजी. झेन आमच्याकडे, त्याचा मोठा भाऊ झेवियर एसेंडनला आणि धाकटा विलेम आता २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला पिक, वेस्ट कोस्टला

सुमाआत्या: त्या माउलीची दृष्ट काढा कुणीतरी

पप्पू: निखिलचा मुद्दा चुकीचा नाही. किंमत जास्त मोजली, ते मी कधीच नाकारणार नाही. पण उंच पोरगा वरच घ्यावा लागतो असंही काही नाही. आमचा निक लार्की, २०२३ ला ७१ गोल मारून ऑल ऑस्ट्रेलियन, म्हणजे लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम संघात, निवडला गेला, ते पण तीन मॅच जिंकणाऱ्या टीममधून, तो २०१६ च्या ड्राफ्टला ७३ वा होता. ट्रिस्टन झेरी, आमचा रक, म्हणजे बॉल उडवला की जो उडी मारून आपल्याकडे टोलवतो तो, २०१७ चा ७२ वा. टीमचे दोन सगळ्यात भक्कम खांब कुणाला नको होते म्हणून आमच्याकडे आले. उंच पोरं उशिरा पिकतात, आंब्यासारखी अढीत ठेवावी लागतात. २०२३ लाच अजून दोन उंच घेतलेत, विसावा टेलर गोड आणि बाविसावा विल डॉसन

सुमाआत्या: काय नाव म्हणालास? गोड?

चिनू: हो आत्याआजी खरंच गोड. रक आहे, २ मीटरच्या वर उंची

सुमाआत्या: अरे मग संक्रांतीला त्याला गोड गोड बोलायला सांगा. मीनल, बसलेले लाडू त्यालाच पाठव

मीनल: या सगळ्या चर्चेत एक सांगू का? याच क्लबच्या बायकांच्या टीमने २०२४ ला कप जिंकला, एकही मॅच न हरता. २०२५ ला परत जिंकला, परत न हरता. जॅस्मिन गार्नर काय खेळते! त्याच आर्डन स्ट्रीटच्या मैदानावर सराव करतात, तीच जर्सी. आमच्या घरात मेंबरशिप वसूल झाली ती त्यांच्यामुळे

नानाकाका: मग पप्पू तू त्यांच्याबद्दल का लिहीत नाहीस?

पप्पू: काका त्यांच्याबद्दल काळजी नाही ना काही, लिहायचं काय. जखम असते तिथेच हात जातो

नानाकाका: बरं मला एक सांग, ही पोरं राहतील का? तो एक पळाला तसे

पप्पू: खरी भीती तीच आहे. हरत राहिलं की बाहेरचे क्लब वास काढत येतात. आणि २०२८ ला टास्मानियाची नवी टीम येतेय, एकोणिसावी, ती आली की ड्राफ्टमध्ये वरची पोरं तिकडे जाणार, म्हणजे आम्ही सहा वर्षं जो पहिल्या बाकाचा धंदा केला तो त्यानंतर चालायचा नाही. जे काय आहे ते हेच. मी आशा धरतो ती लूक डेव्हिस-युनियाकीकडे बघून. २०१७ चा चौथा पिक तो, पहिली तीन-चार वर्षं लोक म्हणायचे फुकट गेला, आणि आज बॉल त्याच्या हातात आला की समोरचे दोन पावलं मागे सरकतात. म्हणून मी दुर्स्माला पण फुकट गेला म्हणत नाही. या वर्षी माझी अपेक्षा आठ मॅच, फार नाही. फायनल्स, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, नकोत. शेवटची फायनल्स २०१६, तेव्हा चिनू पाच वर्षांचा होता, खांद्यावर बसवून नेलेला आठवतो

निखिल: आता चिनू बसवेल तुम्हाला खांद्यावर, केवढा वाढलाय तो

मीनल: तेच तर रामायण चाललंय घरात. वर्षभरात दारात खुणा केल्यात त्या एक वीतभर वर गेल्या. आणि क्लबच्या कोचने काल सांगितलं, या सीझनला चिनू फुल बॅक, म्हणजे सगळ्यात मागचा डिफेंडर. तेव्हापासून तोंड फुगलंय

चिनू: आई!!! हे ग्रुपवर कशाला

पप्पू: अरे मला पण नाही सांगितलंस हे

चिनू: कारण मी शीझलसारखा मिडफिल्डर आहे. फुल बॅकला बॉलच मिळत नाही, नुसतं दुसऱ्याला चिकटून उभं राहायचं

नानाकाका: चिनू, डावा कोपरा धरला की पण कुणी टाळ्या वाजवत नाही. पण समोरचा रेडर आत शिरताना आधी कुणाकडे बघतो माहितीये का? कोपऱ्याकडे. पाय कसे ठेवायचे ते मी रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवतो, गुडघे दुखतात पण दाखवतो

चिनू: कबड्डीत टॅकल घोट्याला असतो ना, इथे खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरायचं असतं नानाआजोबा, नाहीतर फ्री किक

नानाकाका: मग घोटा सोडून बाकीचं शिकवतो

चिनू: ओके. पण जर्सी नंबर ३च घेणार, शीझलचा. फुल बॅकला ३ नंबर चालतो का बाबा?

पप्पू: चालतो रे. घाल

निखिल: मामा, पहिल्या मॅचला ट्रेनने जाऊ ना? टार्निटहून सदर्न क्रॉस, मग पुलावरून चालत. मी रिचमंडचा स्कार्फ घालून येणार आहे, आधीच सांगतो

मीनल: तू केक आण रे फक्त